सोमवार ते शनिवारचं बालपण

पालकहो,

पालकसभा संपली की काही आईबाबा मागे रेंगाळतात. सगळ्यांसमोर बोलायला नको वाटलेलं काहीतरी मनात असतं. बालवाडीत शिकवताना इतक्या वर्षांत असं पुष्कळ ऐकलं, पण अलीकडे एक बोलणं वारंवार कानावर येतं. "ताई, रविवारी आम्ही त्याच्यासाठी सगळं करतो हो. बाहेर नेतो, हवं ते खायला घालतो. पण आठवड्यात नाही जमत. सकाळी डबे, रिक्षा, ऑफिस. संध्याकाळी घरी पोचेपर्यंत जीव मेटाकुटीला आलेला असतो. त्याचं लहानपण आमच्या हातून निसटून चाललंय असं वाटतं." बोलता बोलता एखादीचा आवाज कापरा होतो. एखादे बाबा नुसतेच मान खाली घालून उभे असतात.

या आईबाबांना मी आधी हेच सांगते, की तुमची तळमळ मला दिसते आणि तुम्ही कुठेही कमी पडत नाही आहात. फक्त एक साधा हिशेब आपण मिळून करू. वर्षात रविवार 52. उरलेले दिवस 313. दिवाळीची, मे महिन्याची सुट्टी वजा केली तरी मुलाचं बहुतेक आयुष्य कामाच्या दिवसांतच जातं. दात घासण्यात, मोज्याची जोडी शोधण्यात, भात गार होण्याची वाट पाहण्यात, जिन्याच्या पायऱ्या चढण्यात. हे सगळे दिवस नुसते रेटायचे आणि आनंद मात्र रविवारसाठी राखून ठेवायचा, असं ठरलं तर रविवारवर फार मोठा भार पडतो. तो बिचारा कितीही रंगला तरी उरलेल्या सहा दिवसांना पुरत नाही.

आणि तशी गरजही नाही. त्या सहा दिवसांत मुलाला हवं ते बहुतेक सगळं आधीपासूनच घरात असतं. आज त्याविषयीच मोकळेपणाने बोलावं म्हणते.

सोमवारी सकाळी वर्गात आम्ही गोल करून बसतो आणि सुट्टीत काय काय झालं ते मुलं सांगतात. एकदा एक मुलगा आईबाबांबरोबर वॉटर पार्कला जाऊन आला होता. आईने फाटकातच मला तसं सांगितलं होतं. गोलात त्याची पाळी आली तेव्हा तो भरभरून बोलला ते मात्र रात्रीबद्दल. ते घरी परतले तर लाइट गेले होते. बाबांनी मेणबत्ती लावली, आईने खिचडी टाकली आणि सगळे जमिनीवर बसून जेवले. मेणबत्ती खिडकीपासून लांब सरकवायचं काम त्याच्याकडे होतं, म्हणजे वाऱ्याने विझू नये. "आणि बाबांची सावली भिंतीवर एवढी मोठी!" असं म्हणून त्याने दोन्ही हात ताणून दाखवले. वॉटर पार्कचं मी मुद्दाम विचारलं, तर "मजा आली" म्हणाला आणि पुन्हा सावलीकडे वळला.

मुलांच्या या सांगण्याकडे कान देऊन ऐकलं की एक गोष्ट लक्षात येते. आपणहून जे ती सांगतात, त्यात बहुतेक वेळा त्यांच्या हाताला काहीतरी काम मिळालेलं असतं आणि जवळचं मोठं माणूस घाईत नसतं. ठिकाण कोणतं, खर्च किती, हे त्यांच्या सांगण्यात येतच नाही. बाबांबरोबर स्कूटर धुतली आणि फेस नाकाला लागला. आजीने लाडू वळायला दिले आणि आपला लाडू सगळ्यात छोटा झाला. मामाने सायकलच्या चाकात हवा भरायला पंप हातात दिला. मोठ्यांनी नोंदही घेऊ नये अशा या गोष्टी, पण मुलाच्या दृष्टीने त्या दिवसाचा सगळा अर्थ त्यात असतो. 'मी या घरात कामाचा आहे, माझ्यावाचून ते झालं नसतं,' हा तो अर्थ.

हे काही मी एकटीच म्हणते असं नाही. मारिया मॉन्टेसरी यांनी 1907 साली रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब कामगारवस्तीत पहिलं बालगृह सुरू केलं. तिथला एक अनुभव त्यांनी लिहून ठेवला आहे. एके दिवशी त्यांनी मुलांना नाक कसं शिंकरायचं ते शिकवायचं ठरवलं. रुमाल कसा धरायचा, आवाज न करता, कोणाच्या फारसं लक्षात न येता नाक कसं पुसायचं, हे त्यांनी करून दाखवलं. मुलं हसतील अशी त्यांची अपेक्षा. मुलं हसली नाहीत. श्वास रोखून बघत राहिली आणि शेवटी नाटक संपल्यावर वाजवाव्यात तशा टाळ्या वाजवू लागली. मॉन्टेसरीबाई विचारात पडल्या. मग त्यांना उलगडलं, की या मुलांना शेंबड्या नाकावरून सगळे ओरडत, हिणवत आले होते, पण ते पुसायचं कसं हे कोणी प्रेमाने दाखवलंच नव्हतं. आज पहिल्यांदा कोणीतरी त्यांना मानाने वागवलं होतं, तेही इतकं साधं काम शिकवून.

आपल्या घरी काय होतं ते आठवून पाहा. दीड-दोन वर्षांचं पोर आईच्या मागे मागे फिरतं. तिच्या हातातला केर काढायचा झाडू त्याला हवा असतो. कणकेचा गोळा हवा असतो. वाळत घातलेल्या कपड्यांचे चिमटे हवे असतात. आपण म्हणतो, "बाजूला हो, सांडशील." म्हणतो ते घाईपोटी आणि काळजीपोटी, हे मला ठाऊक आहे. पण त्या पोराला त्या वेळी खेळ नको असतो, त्याला मदत करायची असते. जर्मनीतल्या लाइपझिग इथल्या माक्स प्लांक संस्थेत फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो या संशोधकांनी 2006 साली हे फार सुंदर रीतीने दाखवून दिलं. दीड वर्षाच्या मुलांसमोर एक अनोळखी माणूस दोरीवर कपडे वाळत घालताना चिमटा खाली पाडायचा आणि तो घ्यायला हात पोचत नसल्यासारखं करायचा. कधी हातात मासिकांचा गठ्ठा घेऊन बंद कपाटावर जाऊन आपटायचा. कोणी मदत मागितली नाही, शाबासकीही दिली नाही. तरी बहुतेक मुलं दुडुदुडु जाऊन चिमटा उचलून देत होती, कपाटाचं दार उघडून देत होती. पुरतं बोलताही न येणाऱ्या वयात हे असतं.

हीच मुलं सात-आठ वर्षांची झाली की आपण म्हणतो, "याला घरातल्या कामाची काडीचीही आवड नाही." आवड होती. आपण ती रोज थोडी थोडी बाजूला सारली. म्हणून माझं पहिलं सांगणं एवढंच आहे, की मूल जेव्हा मध्ये मध्ये येतं तेव्हा त्याला दिवसातून निदान एकदा मध्ये येऊ द्या.

म्हणजे नेमकं काय करायचं? आता थंडीच्या दिवसांत घरोघरी मटार सोलणं चालतं, त्याचंच बघू. जमिनीवर वर्तमानपत्र पसरा, मधे शेंगांचा ढीग, एक भांडं दाण्यांसाठी आणि एक मुलासाठी. देठाकडचं टोक मोडायचं, शिवणीवर अंगठा दाबायचा, टचकन आवाज होतो आणि शेंग उघडते. पहिल्या चार-पाच शेंगांना वेळ लागतो. दाणे घरभर उडतात, कॉटखाली जातात. त्यांच्या मागे जाऊ द्या त्याला. मग हळूहळू बोटांना ते जमतं आणि मुलाच्या चेहऱ्यावर एक गंभीर समाधान दिसायला लागतं. कोणत्या शेंगेत किती दाणे, हे तो न सांगता मोजतो. मधले टपोरे आणि टोकांचे इवलेसे, हेही त्याला दिसतं. शेंग नीट दोन फाकांत उघडली तर आणखी एक गंमत दिसते. अर्धे दाणे या फाकेला चिकटलेले असतात, अर्धे त्या फाकेला, आणि तेही एकाआड एक. आयुष्यभर मटार सोलणाऱ्या आपल्यातल्या कितीजणांनी हे पाहिलंय? एखाद्या शेंगेत हिरवी अळी निघते. तिला बघून किंचाळायचं की काडीवर घेऊन कुंडीत सोडायचं, हे मूल तुमच्याकडे बघून ठरवणार. आणि कच्चा दाणा गोड लागतो, त्यामुळे त्याच्या भांड्यात शेवटी मूठभरच दाणे राहतात. हरकत नाही. रात्री भाजी ताटात आली की ती त्याची भाजी असते. इतर वेळी मटार बाजूला काढणारी मुलं अशा दिवशी गुपचूप खातात, असं मी पुष्कळ आयांकडून ऐकलं आहे.

स्वयंपाकघरात असं पावलोपावली आहे. ओट्यापासून जरा लांब, गॅसची धग लागणार नाही अशा जागी स्टूल ठेवा आणि त्याला फोडणी बघू द्या. मोहरी का तडतडते? दाण्याच्या आतल्या ओलाव्याची गरम तेलात वाफ होते, तिला बाहेर पडायचं असतं आणि साल फुटतं. सणाला पुरी तळताना तीच वाफ पुन्हा भेटते. कणकेतल्या पाण्याची वाफ होते आणि पुरीचा वरचा पापुद्रा उचलते. एका मुलीने मला येऊन सांगितलं होतं, "ताई, मोहरी फुटते आणि पुरी फुगते, दोघींच्या पोटात वाफच असते." आईने तिला वेगवेगळ्या दिवशी दोन्ही दाखवलं होतं. त्यांची गाठ तिची तिनेच मारली, आणि तो आनंद तिच्या डोळ्यांत मावत नव्हता.

रात्री दही लावायचं असेल तर दूध कोमट झालं का, ते मुलाला करंगळी बुडवून सांगू द्या. हात अर्थातच स्वच्छ धुऊन. चमचाभर विरजण त्याच्या हातून घाला. सकाळी उठल्या उठल्या झाकण त्यालाच उघडू द्या. थंडीत दही लागलेलं नसलं, तर "अजून झोपलंय" असं म्हणून ते उबदार जागी कसं ठेवायचं तेही दाखवा. मटकी भिजवा, उपसून फडक्यात बांधा आणि मोड येईपर्यंत दिवसातून दोनदा त्याला डोकावू द्या. बटण दाबल्याबरोबर हवं ते पडद्यावर येतं, अशा काळात आपली मुलं वाढत आहेत. काही गोष्टी त्यांच्या वेळेनेच होतात आणि ती वाट पाहण्यातही मजा असते, हे व्याख्यान देऊन शिकवता येत नाही. मटकी ते फार चांगलं शिकवते.

घराबाहेरचंही असंच. शाळेच्या रिक्षापर्यंतचा पाच मिनिटांचा रस्ता आपण मुलाचा हात ओढत कापतो. दहा मिनिटं आधी निघणं रोज जमणार नाही, पण आठवड्यातून एकदा जमवा आणि त्या दिवशी त्याच्या पावलांनी चाला. इस्त्रीवाले काका कोळसे फुलवताना त्याला थांबू द्या. कचरा न्यायला येणाऱ्या मावशींना नावाने हाक मारून त्यांच्याशी बोला, म्हणजे तोही बोलेल. सकाळी रोज कोणीतरी ओळखीचं हसतं, ही केवढी मोठी गोष्ट आहे! शहरात घर बदललेल्या, नवीन शाळेत बावरलेल्या मुलाला तर अशी दोन-तीन माणसं फार मोठा आधार देतात.

आकाश तर सगळ्यांच्या वाट्याला आहे, चाळीत राहा किंवा पंधराव्या मजल्यावर. चंद्र रोज सरासरी 50 मिनिटं उशिरा उगवतो. पौर्णिमेला संध्याकाळी समोरच्या इमारतीमागून वर येणारा चंद्र दोन-तीन दिवसांनी मुलाच्या झोपेच्या वेळेपर्यंत दिसतच नाही. "आज कुठे गेला?" हा प्रश्न त्याच्या तोंडून येण्यासाठी तीन रात्री खिडकीशी दोन-दोन मिनिटं उभं राहणं पुरतं. डिसेंबर-जानेवारीत जेवणं झाल्यावर एका ओळीतले तीन ठळक तारे दाखवा. हे मृग नक्षत्रातले. आजी घरात असेल तर ती लगेच म्हणेल, "मृग तर जूनमध्ये लागतो ना, पेरणीच्या वेळी?" तेही खरंच आहे. जूनच्या 7-8 तारखेला सूर्य त्या नक्षत्रात जातो आणि म्हणूनच तेव्हा ते रात्री दिसत नाही. आजीचं पंचांग आणि नातवाचे तारे एकाच गच्चीवर एकत्र येतात. आणि मे महिन्यात मुलं सुट्टीत कंटाळली असतील तेव्हा शून्य सावलीचा दिवस विसरू नका. मुंबई-पुण्याकडे तो मेच्या मध्याला येतो. कोकणच्या दक्षिण टोकाला त्याआधी, तर खानदेशाकडे काही दिवस नंतर. मुंबई-पुण्यात साडेबाराच्या सुमाराला गच्चीत एक डबा उभा ठेवा आणि त्याची सावली आक्रसत आक्रसत तळाखाली नाहीशी होताना सगळ्यांनी मिळून पाहा. तिकीट नाही, रांग नाही. डोक्यावर टोपी मात्र घाला.

यातल्या कशालाच पैसा लागत नाही, हे मुद्दाम सांगावंसं वाटतं, कारण मुलाला काही देता येत नाही म्हणून मन खाणारे पालकही माझ्यासमोर असतात. ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये गेलं. महागडी साधनं आणायची कुठून? त्यांनी शंख, शिंपले, बिया, पानं, फुलं, काड्या हीच साधनं केली. मुलं शाळेत येईनात तेव्हा शाळाच वस्तीतल्या अंगणात गेली. गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणात भरली. आंघोळ, केस विंचरणं, नखं कापणं हासुद्धा त्या शाळेतला पहिला धडा होता. ज्या मुलांच्या वाट्याला फारसं काही आलं नव्हतं, त्यांच्या भोवतालातूनच त्यांचा आनंद उभा राहिला. आपल्या घरात तर त्याहून कितीतरी अधिक आहे.

आता तीन गोष्टींबद्दल तुम्हाला प्रेमाने सावध करते, कारण हौसेच्या भरात त्या आपल्याकडून सहज होतात.

पहिली गोष्ट, प्रत्येक अनुभवाचा तास घेऊ नका. मूल मन लावून मटार सोलत असतं आणि आपण म्हणतो, "सांग बघू, हिरव्या रंगाला इंग्रजीत काय म्हणतात? पाच आणि तीन किती?" त्या क्षणी सोलणं संपतं आणि परीक्षा सुरू होते. त्याने विचारलं तर जरूर सांगा. नाही विचारलं तर शेजारी बसून तुमच्या शेंगा सोला. तुम्ही गप्प असताना त्याच्या डोक्यात पुष्कळ काही चाललेलं असतं.

दुसरी गोष्ट मोबाइलची. मुलाने पहिली वेडीवाकडी पोळी लाटली की आपला हात आधी फोनकडे जातो. "थांब, हलू नकोस, पुन्हा लाट." मग ती पोळी त्याची राहत नाही, बघणाऱ्यांची होते. एखादा फोटो असायला काहीच हरकत नाही. पण मूल मान वर करून बघतं तेव्हा त्याला तुमचे डोळे दिसायला हवेत.

तिसरी गोष्ट बक्षिसाची. "चिमटे दिलेस तर चॉकलेट देईन" असं म्हणू नका. वार्नेकेन आणि टोमासेलो या त्याच संशोधकांनी 2008 मध्ये वीस महिन्यांच्या मुलांवर केलेल्या दुसऱ्या अभ्यासात असं दिसलं, की मदतीबद्दल ज्यांना वस्तूच्या रूपात बक्षीस मिळालं ती मुलं पुढे कमी मदत करू लागली. ज्यांना नुसती शाबासकी मिळाली किंवा काहीच मिळालं नाही, ती मात्र पूर्वीसारखीच धावून येत राहिली. कामातला आनंद हेच त्यांचं बक्षीस होतं. "तू होतास म्हणून माझं लवकर आटपलं," हे वाक्य चॉकलेटपेक्षा जास्त काळ पुरतं. तेवढं मात्र तोंडभरून म्हणा.

आणखी एक. हे सगळं मुलगा आणि मुलगी दोघांसाठी आहे. मुलीला पोळपाटाशी बोलवायचं आणि मुलाला बॉल देऊन बाहेर पाठवायचं, असं झालं तर दोघांचंही नुकसान होतं. मुलाच्या हातून कणकेची ऊब जाते, मुलीच्या हातून सायकलचा पंप. आणि मुलांना सामील करून घेणं म्हणजे त्यांना राबवणं नव्हे, हेही लक्षात असू द्या. थकलं, कंटाळलं की मूल उठून जाईल. जाऊ द्या. उरलेलं काम आपलंच आहे.

आता जरा तुमच्याबद्दल. मुलांना मिळणाऱ्या आनंदाबद्दल आपण इतकं बोलतो, पण ती दिवसभर आपल्या तोंडाकडे बघत असतात हे विसरतो. "एकदाचा शनिवार येऊ दे." "संपला बाई एक दिवस." "कधी या कटकटीतून सुटका होणार!" दमलेल्या माणसाच्या तोंडून हे निघणारच, त्याबद्दल मी कोणालाही बोल लावणार नाही. परंतु मुलाच्या कानावर फक्त एवढंच पडत राहिलं तर त्याला वाटेल, की मोठं होणं म्हणजे सुट्टीची वाट पाहत दिवस ढकलणं. म्हणून तुम्हाला जे आवडतं ते त्याच्यासमोर मोठ्याने आवडू द्या. आल्याच्या चहाचा पहिला घोट घेताना "वा!" म्हणा. पहिल्या पावसाच्या वासाला खिडकी उघडा, फरशी भिजली तरी चालेल. इस्त्री करताना जुनं गाणं गुणगुणा. मोगऱ्याला कळी आली की सगळ्यांना हाक मारून दाखवा. बाबांना घडी घातलेल्या शर्टांची चवड पाहून बरं वाटतं, आईला संध्याकाळी दिवा लावताना दोन मिनिटं शांत बसायला आवडतं, हे मुलाला ठाऊक असलं पाहिजे. आनंदी कसं राहायचं हे तो तुमच्या या सवयींवरून शिकतो.

आणि या सवयी कठीण दिवसांत किती कामाला येतात, हेही मी पाहिलं आहे. आमच्या एका विद्यार्थ्याचे आजोबा गेले. तो रोज सकाळी दारातला पेपर उचलून त्यांच्या खुर्चीपाशी न्यायचा. ते चष्मा लावायचे आणि त्याला पहिल्या पानावरचं चित्र दाखवायचे. एवढीच त्यांची रोजची भेट. आजोबा गेल्यावरही त्याने पेपर त्या रिकाम्या खुर्चीवर नेऊन ठेवायला सुरुवात केली. घरातल्यांना ते बघवेना. पण त्याच्या बाबांनी त्याला अडवलं नाही. काही दिवसांनी ते स्वतः त्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, "आण, बघू या आज काय चित्र आहे." आजोबांवरचं आपलं प्रेम कुठे ठेवायचं, हे त्या मुलाला त्या रोजच्या दोन मिनिटांनी सांगितलं. नोकरी गेलेली असो, घरात आजारपण असो, मोठ्यांची मनं ठिकाणावर नसतात तेव्हा मुलं अशाच छोट्या, रोजच्या गोष्टींना धरून राहतात. त्या आधीपासून घरात असाव्या लागतात. संकट आल्यावर त्या नव्याने उभ्या करायला कोणाच्याच अंगात बळ नसतं.

तुमच्या मनात काय येतंय ते मला कळतं. ताई, सगळं पटतं, पण वेळ? सकाळी सातची रिक्षा असताना पोळ्या लाटायला कोण बसवणार त्याला? अगदी बरोबर आहे, सकाळी सात वाजता नकाच बसवू. दिवसाचं एकच काम निवडा, जे तुम्हाला तसंही करायचंच आहे आणि ज्याला दहा मिनिटं जास्त लागली तरी कोणाचं काही अडत नाही. कपडे घडी घालणं, झाडांना पाणी घालणं, भाजी निवडणं, दही लावणं, पाण्याच्या बाटल्या भरणं. ते काम तुमचं आणि त्याचं, दोघांचं मिळून ठरवून टाका. दोघेही नोकरी करत असाल तर एक काम आईबरोबरचं, एक बाबांबरोबरचं. दिवसभर मूल आजी-आजोबांकडे किंवा सांभाळणाऱ्या मावशींकडे असेल तर त्यांनाही हे सांगा. वाती वळणं, शेंगा निवडणं अशी कामं त्यांच्या हातात असतातच, आणि त्यांच्याकडे आपल्यापेक्षा धीरही जास्त असतो. एखाद्या दिवशी नाही जमलं तर मनाला लावून घेऊ नका. दुसऱ्या दिवशी झाडांना पुन्हा पाणी लागतंच.

येत्या रविवारी मुलांना जरूर बाहेर न्या. बागेत न्या, समुद्रावर न्या, मामाकडे न्या, मनसोक्त हुंदडू द्या. पण सोमवारी संध्याकाळी वाळलेले कपडे आत आणाल तेव्हा मोज्यांचा ढीग त्याच्यासमोर ठेवा आणि म्हणा, "जोड्या लावायला मदत करतोस का रे?" एखादा मोजा चुकेल, दोन जोड्या उलटसुलट लागतील. त्या तशाच कपाटात ठेवा. मंगळवारी सकाळी घाईच्या वेळी तोच सांगेल, "मोजे मी लावलेत, मला माहितीये कुठे आहेत." त्या दिवशी तुमचीही सकाळ थोडी हलकी जाईल. एवढ्यापासून सुरुवात करा, आणि पुढच्या पालकसभेनंतर मागे थांबलात तर काय काय झालं ते मला नक्की सांगा.

तुमची,
बालवाडीची ताई